दिवाणीच तर आहे

मास्तरांच्या बायकोने गळ्यातलं मंगळसूत्र काढलं आणि शिलाई मशीनवर, अर्धवट शिवलेल्या निळ्या गणवेशाच्या शेजारी ठेवलं. "हे पण लिहा," ती म्हणाली. कोर्टाचा बेलिफ यादी करत होता. रंगीत टीव्ही एक, जुना वापरता. लोखंडी कपाट एक, आरशाचं. त्याने मान वर केली, पेनाला टोपण लावलं आणि घरातल्या माणसाशी बोलावं तसा म्हणाला, "वहिनी, ते गळ्यात घाला. त्याला हात लावायचा मला अधिकार नाही. मशीनला नाही, भांड्यांना नाही, अंथरूण-पांघरुणालाही नाही." तिने ते उचललं नाही. ती बेलिफाकडे बघतच नव्हती, माझ्याकडे बघत होती. जप्तीचं वॉरंट त्याच्या हातात होतं हे खरं, पण कुठली वस्तू घ्यायची ते दाखवायला त्याच्यासोबत जी बाई आली होती, ती मी.

थकलेल्या भाड्याच्या वसुलीसाठी, आत्याच्या वतीने मी गेले होते. तिचं वय ऐंशीच्या पुढे, गुडघे पार गेलेले, म्हणून कुलमुखत्यारपत्र माझ्या नावावर. सकाळची वेळ होती. सूर्योदयाच्या आधी आणि सूर्यास्तानंतर जप्तीसाठी कुणाच्या घरात शिरता येत नाही, हे मला आदल्या दिवशीच कळलं होतं. पाऊस नुकताच उघडला होता, भिंतींना ओल होती, आणि खोलीत मशीनच्या तेलाचा, कोऱ्या टेरिकॉटचा आणि कुठेतरी चुलीवर चढलेल्या भाताचा वास होता. बाहेर टेम्पो उभा. टेम्पोचं भाडं आमचं, हमाल आमचे. समोरच्या घरातल्या खिडकीचा पडदा हलला आणि तसाच अर्धा सरकलेला राहिला. मास्तर घरात नव्हते. बेलिफ येणार असं त्यांना कळलेलं असावं.

हे मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, टेलरमास्तर. आत्याचं घर रत्नागिरीत, झाडगावात. जांभ्या चिऱ्याचं, मंगलोरी कौलांचं. रस्त्याकडची पडवी आणि तिच्यामागची खोली आजोबांच्या वेळेपासून भाड्याने दिलेली. मास्तर तिथे आले तेव्हा मिसरूड फुटलेला मुलगा होता म्हणे, रत्नागिरीजवळच्या गोळप गावाहून आलेला. मला आठवतात ते गळ्यात टेप, कानावर खडू आणि तोंडात टाचण्या धरून बोलणारे मास्तर. मे महिन्याच्या शेवटी शाळांचे गणवेश शिवायला आले की रात्री बारा-बारापर्यंत मशीन चालायचं. आत्याच्या माजघरात मी झोपायला गेले की भिंतीपलीकडून तो आवाज यायचा, मध्येच थांबायचा, मग पुन्हा सुरू. पहिल्या पावसाची सर कौलांवर पडली की दोन्ही आवाज एकमेकांत मिसळून जायचे. माझा पहिलीचा गणवेश त्यांनी शिवला, दहावीचाही त्यांनीच. गणपतीत आत्याच्या मखराची झालर ते दरवर्षी करून द्यायचे आणि तिचे पैसे कधी घेत नसत. महिन्याच्या पाच तारखेला भाडं घेऊन मागच्या दाराने यायचे, आत्या नोटा मोजायची, पावतीपुस्तकात लिहायची, पावती फाडून द्यायची आणि मग चहा टाकायची. हा क्रम कधी चुकला नाही.

मग चुकायला लागला. एकदम नव्हे, हळूहळू. शाळांनी तयार गणवेशाची कंत्राटं दिली, जूनची गर्दी आटली. भाडं पाचाचं पंधरावर गेलं, मग पुढच्या महिन्यावर. त्याच सुमाराला पडवीचं छप्पर गळायला लागलं. मास्तरांचं म्हणणं, आधी कौलं चाळून घ्या, मग भाडं. आत्याचं म्हणणं, भाडं आलं तर कौलं चाळायला माणूस लावीन. दोघांच्याही बोलण्यात तथ्य होतं आणि ते मी आजही नाकारत नाही. पाणी खरंच गळत होतं, एका गिऱ्हाइकाचं लग्नातलं ब्लाउजचं कापड भिजून डाग पडलेलं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे. घर सांभाळणं मालकाचं काम आहे, हे आपल्या भाडे नियंत्रण कायद्यातही आहे. मालक दुरुस्ती करत नसेल तर भाडेकरूने लेखी नोटीस द्यावी, पंधरा दिवस थांबावं, स्वतः काम करून घ्यावं आणि तो खर्च भाड्यातून वळता करावा, वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्श्यापर्यंत. मास्तरांनी तसं केलं असतं तर आत्याला एका शब्दाने बोलता आलं नसतं. त्यांनी ते केलं नाही. भाडंच बंद केलं, सगळंच्या सगळं.

"दिवाणीच तर आहे हो, फौजदारी थोडीच आहे."

हे वाक्य त्यांना कुणी सांगितलं ते मला ठाऊक नाही. पण आळीतल्या निदान चार जणांच्या तोंडून ते माझ्यापर्यंत आलं. कोकणात कोर्ट काही परकं नाही. बांधाचा दावा, पाणंदीचा दावा, फणसाच्या झाडाचा दावा, असा एखादा दावा घरात नाही असं घर शोधावं लागेल. आणि त्यातूनच एक समजूत अंगात मुरलेली आहे की दिवाणी दावा चालत राहतो, माणसं थकतात, मरतात, दावा चालतच राहतो, होत काहीच नाही. फौजदारीत पोलिस येतो, दिवाणीत फक्त तारीख येते. या समजुतीवर मास्तर विसंबले. आणि समोर कोण, तर मूल ना बाळ अशी एक म्हातारी विधवा. ती किती दिवस लढणार?

खरं तर कायद्याने त्यांना एकेक करून किती संधी दिल्या ते मोजलं की जीव कळवळतो. थकबाकीची नोटीस मिळाल्यापासून ९० दिवस मालकाला जागा खाली करून मागायचा दावाच लावता येत नाही. तेवढ्यात पैसे भरले तर विषय संपला. दावा लागलाच तर समन्स मिळाल्यापासून आणखी ९० दिवस. त्या मुदतीत सगळी थकबाकी १५ टक्के सरळ व्याजाने आणि दाव्याच्या खर्चासह कोर्टात भरा, पुढचं भाडं नियमित भरत राहा, थकबाकीसाठी जागा खाली करून मागता येत नाही. निकालाच्या वेळी हप्ते मागता येतात. अपील करता येतं. मास्तरांनी अपील केलंही, आणि अपील केलं म्हणजे निकाल थांबला असं धरून निवांत बसले. तसा तो थांबत नाही, वरच्या कोर्टाकडून स्थगिती घ्यावी लागते, आणि पैशांच्या निकालावर स्थगिती मागितली की कोर्ट बहुतेक वेळा आधी रक्कम भर म्हणून सांगतं. अपील गेलं. जागा त्यांनी निकालाआधीच सोडली होती, दोन गल्ल्या पलीकडे खोली घेतली होती. राहिले होते फक्त पैसे. भाड्याचे १,५०,००० आणि खर्चाचे १४,०००.

निकालाच्या दिवशी आत्याने देवापुढे साखर ठेवली. तिला वाटलं, जिंकलो म्हणजे पैसे मिळाले. वकिलांनी तिला खुर्चीत बसवून समजावलं की हा हुकूमनामा आहे, म्हणजे कोर्टाचा पैसे देण्याचा आदेश, पैसे नव्हेत. समोरच्याने आपण होऊन दिले नाहीत तर दरखास्त टाकायची, म्हणजे वसुलीचा वेगळा अर्ज. दरखास्तीत कोर्टाला सांगायचं की त्याच्याकडे काय आहे आणि त्यातलं कशावरून वसूल करायचं. इथे हरलेला माणूस गप्प बसतो आणि जिंकलेल्याला त्याच्या मालमत्तेच्या शोधात फिरावं लागतं. १८७२ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे तेव्हाच्या सगळ्यात वरच्या अपील कोर्टाने, म्हटलं होतं की हिंदुस्थानात पक्षकाराच्या अडचणी सुरू होतात त्या हुकूमनामा हातात पडल्यावर. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला पुन्हा सांगावं लागलं की दरखास्त सहा महिन्यांत निकाली काढा. या दोन तारखांमध्ये जवळजवळ दीडशे वर्षं गेली. आत्याला यातलं काही सांगितलं नाही. ती एवढंच म्हणाली, "म्हणजे आता परत पहिल्यापासून?"

पण "काही होत नाही" हेही खोटं आहे, आणि ते मी आत्याच्या दाव्याच्या कितीतरी आधी, नोकरीत असताना पाहिलं होतं. मी शाळेत कारकून होते. एक दिवस टपालात कोर्टाचा कागद आला. आमच्याच एका शिक्षकांच्या पगारावर जप्ती. गावातल्या कुणा घरमालकाचं भाडं थकवलं, निकाल लागला, भरला नाही. तो कागद मी आवक नोंदवहीत चढवला तेव्हा माझा हात थरथरला होता, कारण सर माझ्या टेबलासमोरच कुणाशी तरी हसत उभे होते. हिशेब मला करायचा होता. पगाराचे पहिले १,००० रुपये सोडायचे, उरलेल्याचे दोन तृतीयांश सोडायचे, बाकीचा तिसरा हिस्सा दरमहा कोर्टाकडे. म्हणजे ३०,००० पगार असेल तर ९,६६६ रुपये कापले जायचे. आणि कागदावर सरळ अर्थ होता की कापले नाहीत तर ती जबाबदारी पगार देणाऱ्यावर. म्हणून मुख्याध्यापकांनी इच्छा असूनही डोळेझाक केली नाही. अशी कपात एका हुकूमनाम्यापोटी एकूण चोवीस महिनेच चालू शकते, त्यानंतर बाकी राहिली तरी त्याच हुकूमनाम्यासाठी पगाराला पुन्हा हात लावता येत नाही. सरांनी कुणाला काही सांगितलं नव्हतं, पण पगारपत्रक शिपायापासून सगळ्यांच्या हातातून जातं. शिक्षकखोलीत त्यांच्याभोवती एक मोकळी जागा तयार झाली. चहाची वर्गणी काढताना त्यांच्याकडे जायला कुणी तयार होईना. पैसे एका घरमालकाचे बुडाले होते, पण आता ज्याचा त्या भाड्याशी काही संबंध नाही असा प्रत्येक जण त्यांचा धनको असल्यासारखा बघत होता. त्या रकमेचा निम्मा भाग जरी त्यांनी आधी समोर जाऊन दिला असता तर? हा प्रश्न मी त्यांना कधी विचारला नाही. आमची तेवढी जवळीक नव्हती.

मास्तरांना पगार नव्हता. बँकेच्या खात्यावर जप्ती आणली तर त्यात चारशे-साडेचारशे रुपये निघाले. मग वकील म्हणाले, आपण अटकेचा अर्ज करू. दिवाणी कैद. रक्कम ५,००० च्या वर असेल तर तीन महिन्यांपर्यंत ठेवता येतं. स्त्रीला पैशांच्या हुकूमनाम्यापोटी अटक करता येत नाही, पुरुषाला येते. आधी नोटीस द्यावी लागते की तुला का अटक करू नये ते सांग. आणि कैदेच्या काळातला त्याच्या जेवणाखाण्याचा भत्ता हुकूमनामा मिळालेल्यानेच आगाऊ भरायचा, नंतर तो खर्चात धरतात. हे ऐकल्यावर आत्या कितीतरी वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "अगो, त्याला तुरुंगात घालायचं आणि वर जेवायलाही मीच घालायचं? नको. त्याने माझ्या घरी एवढी वर्षं चहा घेतलाय."

रत्नागिरीच्या माणसाला तुरुंग म्हणजे काही लांबची गोष्ट नाही. जेलरोडने आपण रोज जातो-येतो, ती भिंत बघत मोठे झालो. सावरकरांना अंदमानहून आणल्यावर याच तुरुंगात ठेवलं होतं हे शाळेत पाठ केलेलं. त्या भिंतीआड भाडं थकवणारा आमचा मास्तर, हे चित्र माझ्या डोळ्यांपुढेही उभं राहीना. वकिलांनीही फार आग्रह धरला नाही. १९८० मध्ये जॉली जॉर्ज वर्गीस विरुद्ध बँक ऑफ कोचीन या खटल्यात न्यायमूर्ती कृष्ण अय्यरांनी स्पष्ट केलं आहे की नुसतं पैसे दिले नाहीत एवढ्यावर माणसाला कैद करता येत नाही. गरिबी हा गुन्हा नव्हे. देण्याची ऐपत असून, खोट्या मनाने जो टाळतो त्याच्यासाठी ती तरतूद आहे. मला हा निकाल मनापासून पटतो. आणि तो पटतो म्हणूनच पुढचं जास्त खटकतं. कारण मास्तरांची ऐपत होती.

कोर्टाने त्यांना मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र द्यायला सांगितलं. हे दिलं नाही तर त्यासाठीही तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, म्हणून ते दिलं. त्यात एक मशीन, थोडं सामान, बँकेतलं ते खातं. गोळपची जमीन नव्हती. मी एका रात्री महाभूलेखवर, सरकारच्या जमीन-नोंदींच्या संकेतस्थळावर, गोळपचे गट क्रमांक चाळत बसले आणि सातबाऱ्यावर त्यांचं नाव सापडलं. एकटं नव्हे. कोकणातला सातबारा, त्यावर नावांची रांग. दोन काकांचे वारस, लग्न होऊन मुंबईला गेलेल्या बहिणी, धाकटा भाऊ. कलमांची बाग, हापूसची. बागेचं उत्पन्न भाऊ बघायचा आणि दरवर्षी मास्तरांना त्यांचा वाटा पोचता करायचा, हे पुढे त्याच भावाकडून कळलं. म्हणजे ज्या वर्षांत आत्या बीपीच्या गोळ्या दिवसाआड घेत होती, कारण पडवी रिकामी, भाडं नाही आणि माझ्याकडून पैसे घ्यायला तिला संकोच, त्याच वर्षांत मे महिन्याला गोळपहून पैसे येत होते. माझ्या मनात मास्तरांबद्दल जो राग आहे तो या एका गोष्टीचा आहे. गणवेश कमी झाले त्याचा नाही, छप्पर गळलं म्हणून भांडले त्याचा तर मुळीच नाही.

जमीन सापडायच्या आधी सामानाची जप्ती झाली होती. तीच ती सकाळ. बेलिफाने मंगळसूत्राला नाही म्हटल्यावर मी खोलीभर नजर फिरवली. कोपऱ्यात फ्रीज होता, त्यावर प्लास्टिकचं फुलाफुलांचं कव्हर. हमालाने त्याला हात घातला तेव्हा ती पहिल्यांदा माझ्याशी बोलली. "तो भिशीचा आहे. माझ्या भिशीचा. फॉल-बिडिंगच्या पैशातून भरली होती." बेलिफ म्हणाला, तुमचा असेल तर कोर्टात हरकतीचा अर्ज द्या, चौकशी होईल. ती म्हणाली, "मी कधी कोर्टात गेलेली नाही." तिने कशावर सही केली नव्हती. भाडेकरू ती नव्हती, दाव्यात तिचं नाव नव्हतं. निकालाचा कागद तिच्या घरात आला असेल तर तो तिला कुणी वाचून दाखवला नव्हता. मी हमालाला म्हटलं, फ्रीज राहू दे, तो आम्ही दाखवत नाही. बेलिफाने तसं लिहून घेतलं. टीव्ही नेला. कपाट रिकामं करायला तिला वेळ दिला. तिने साड्या एकेक करून पलंगावर ठेवल्या, मधल्या एका साडीच्या घडीतून डांबराच्या गोळ्या गडगडत पलंगाखाली गेल्या. कपाट दारातून निघेना, आडवं करावं लागलं, आरशाला जिन्याची कड लागून एक कोपरा उडाला. लिलावात दोन्हीचे मिळून ४,३०० आले. टेम्पो, हमाल आणि बेलिफाचा भत्ता जवळजवळ तेवढाच होता.

ते पैसे आत्याच्या हातात ठेवले तेव्हा तिने विचारलं, बाईमाणूस घरात होती का? होती म्हटलं. मग तिने पुढे काहीच विचारलं नाही. माझ्या मनात मात्र तेव्हापासून दोन गोष्टी शेजारी शेजारी बसून आहेत आणि त्या एकमेकींना हलवत नाहीत. एक, कायदा मला वाटला होता त्याहून दयाळू निघाला. भांडी सोडतो, अंथरूण सोडतो, कारागिराची हत्यारं सोडतो, शेतकऱ्याचे बैल, बियाणं आणि राहतं घर सोडतो. कुणीतरी, १९०८ साली का होईना, बसून विचार केला आहे की घेणेकऱ्याने घरात शिरल्यावर कुठे थांबायचं. आणि दुसरी, ही सगळी दया ज्याच्यासाठी आहे तो माणूस त्या सकाळी घरात नव्हता. त्याने ती बायकोवर सोपवली आणि स्वतः कुठेतरी चहाच्या टपरीवर बसला.

गोळपच्या हिश्श्यावर जप्ती आली तेव्हा मात्र गोष्ट वेगाने हलली. जमिनीच्या जप्तीला अजून जुनी रीत आहे. जागेवर दवंडी पिटायची, हुकमाची प्रत तिथे, कोर्टात आणि ग्रामपंचायतीत लावायची, सातबाऱ्याच्या इतर हक्कांत नोंद करायची. जप्तीनंतर तो हिस्सा कुणाला विकला तरी आत्याच्या वसुलीपुढे ती विक्री टिकत नाही. दवंडीला हल्ली कोण विचारतो असं मला वाटलं होतं. पण वाडीत ती ऐकली गेली. ज्या वाडीत मास्तर शहरात दुकान असलेला मोठा मुलगा म्हणून होळीला, शिमग्याला पालखीच्या पुढे असायचे, त्या वाडीत. आणि अडकला तो भाऊ. त्याने बँकेकडे कर्ज मागितलं होतं, घराचं जुनं छप्पर उतरवून वर स्लॅब टाकायला. बँकेच्या वकिलाने सातबारा बघितला, इतर हक्कांतली ओळ बघितली आणि फाइल परत केली. भावाचा भाड्याशी संबंध नाही, रत्नागिरीच्या त्या पडवीत तो कधी फार तर दोनदा आला असेल. पण जमिनीची वाटणी झालेली नाही, आणि वाटणी करायची म्हटली तर मुंबईच्या बहिणींच्या सह्या, मोजणी, पुन्हा तहसील. एका माणसाने भाडं थकवलं, त्याचा निकाल एका बाईच्या कपाटात शिरला आणि आता दुसऱ्याच्या छपरावर येऊन बसला.

भाऊ आत्याकडे आला तो एका दुपारी, पिशवीत आंब्याच्या साटांची दोन पाकिटं घेऊन. ओटीवरच बसला, आत ये म्हटलं तरी आला नाही. "काकी, दादाचं मी भरतो. एकदम नाही जमायचं. हप्त्याने चालेल का?" आत्याने माझ्याकडे बघितलं. मी त्याला विचारलं, तुम्ही का भरायचे? तो म्हणाला, "ताई, त्याला मी विचारत नाही आता. त्याच्याशी बोलणं नाही. मला पावसाच्या आधी घर करायचंय." त्याला एक भीतीही होती, ती त्याने जाता जाता विचारली. दादाचं काही बरंवाईट झालं तर हे त्याच्या पोरांच्या मानगुटीवर बसेल का? मी त्याला वकिलांकडून विचारून सांगितलं. वडिलांचं देणं मुलांकडून त्यांच्या कमाईतून घेता येत नाही, पण वडिलांकडून जी मालमत्ता मुलांकडे येईल तेवढ्यापुरतं येतं. हुकूमनाम्याची अंमलबजावणी बारा वर्षांपर्यंत मागता येते. बारा वर्षं! आत्या तेव्हा नव्वदीच्या पलीकडे असेल. हा हिशेब मी मनात केला, बोलले नाही.

तेव्हापासून तो पैसे आणतो. कधी दहा हजार, कधी पाच, आंब्याच्या दिवसांत जास्त. वकिलांनी एक गोष्ट बजावून सांगितली होती आणि ती मी कटाक्षाने पाळते. कोर्टाबाहेर दिलेले पैसे कोर्टाला कळवले नाहीत तर दरखास्त चालवणारं कोर्ट ते मानत नाही. म्हणजे भाऊ प्रामाणिकपणे देत राहील आणि कागदावर बाकी तेवढीच दिसत राहील. म्हणून प्रत्येक रकमेची पुरशीस, म्हणजे कोर्टाला लेखी कळवण्याचा कागद, आम्ही देतो. हुकूमनामाधारकास अमुक रक्कम मिळाली, सबब नोंद व्हावी. आत्या सही करते, अक्षर थोडं हलतं, पण नाव अजून पूर्ण लिहिते. भाऊ ती पुरशीस दोनदा वाचतो, घडी घालून शर्टाच्या आतल्या खिशात ठेवतो. सगळी रक्कम फिटली की कोर्टातून पत्र जाईल, फेरफार होईल, सातबाऱ्यावरची ओळ जाईल, असं मी त्याला सांगितलं आहे. पुढच्या वेळी आला की तो तेच पुन्हा विचारतो.

आता मुद्दल संपत आलं आहे आणि घरात आमचा वाद चालू आहे तो व्याजाचा. निकालापासून ६ टक्क्यांनी, १,५०,००० वर वर्षाला ९,०००, असं जवळजवळ चार वर्षांचं. आत्या म्हणते, सोड. तो बिचारा भाऊ भरतोय, त्याच्याकडून व्याज घ्यायचं पाप कशाला. ती म्हणते त्यात माया आहे आणि तिच्या मायेपुढे मी एरवी कधी बोलत नाही. पण मी या वेळी ऐकलेलं नाही. व्याज भावाकडून घ्यायचंच नाही, यावर आम्हा दोघींचं एकमत आहे. ते मास्तरांकडून घ्यायचं. आंबा यंदाही होणार, त्यांचा वाटा यंदाही निघणार, आणि आत्याच्या गोळ्या यंदाही महिन्याच्या महिन्यालाच संपणार. मुद्दल फिटेल त्या पुरशिशीत भावाचं नाव लिहून त्याच्या हिश्श्यापुरती वाट मोकळी करता येते का, हे वकील बघत आहेत. मास्तरांच्या हिश्श्यावरची नोंद व्याजापुरती राहू द्यावी, असा अर्ज मी लिहून ठेवला आहे. पुढची तारीख गणपतीनंतरची आहे. मास्तरांनी त्या दिवशी स्वतः कोर्टात यावं, बायकोला किंवा भावाला पाठवू नये, असा निरोप मी त्यांच्या वकिलांकडे दिला आहे.